करार आणि वारसा : एका सूचीच्या निमित्ताने

गेली अकरा वर्षे मी जुन्या मराठी मासिकांमधल्या कथांची सूची करतो आहे. हे काम मला कोणी दिलेले नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. मी वाणिज्य शाखेचा. उमेदीची वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. पण शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची किती चिकाटीने केली ते पाहिल्यावर, मासिकांच्या पानापानांत विखुरलेल्या कथांचेही असे काही व्हायला हवे असे वाटू लागले. कार्डांच्या खोक्यांऐवजी मी संगणक घेतला आणि चाळिशी उलटल्यावर जावा नावाची संगणकभाषा शिकलो. गुरू नव्हता. अप्पा बळवंत चौकात मिळालेली जुनी पुस्तके होती आणि रात्री होत्या.

दोन वर्षांपूर्वी पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, की १९२० ते १९४० या काळात स्त्रियांनी लिहिलेल्या कथा तुमच्या सूचीत किती आहेत, वर्षवार आकडे मिळतील का? मी दिले. आकड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. १९३१पासून संख्या एकदम जवळजवळ दुप्पट होत होती. तिने त्यावर एक प्रकरण लिहिले. स्त्रीशिक्षणाचा प्रसार, नवी मासिके, बदललेले संपादक अशी कारणेही तिला सापडली. कारणे नेहमीच सापडतात. पुढे खात्रीसाठी तिने ग्रंथालयात बसून १९३३चे अंक हाताने मोजले, तेव्हा तिची संख्या माझ्या संख्येच्या जेमतेम निम्मी भरली.

चूक तिची नव्हती, माझी होती. शिवाय ती टंकनाची चूक नव्हती. प्रोग्राम रचताना मी एक निवड केली होती, एका गोष्टीला दुसरीचा वारस केले होते, आणि त्या निवडीने मराठी कथेच्या इतिहासात एक खोटी उसळी तयार केली होती. तिने फोनवर एवढेच विचारले, ‘काका, मग बाकीचे आकडे बरोबर आहेत हे कशावरून?’ उत्तर माझ्याकडे नव्हते. त्यानंतरचे वर्षभर सूचीचे काम बाजूला ठेवून मी ही निवड नेमकी काय असते ते वाचत राहिलो. प्रोग्रामर तिला ‘इंटरफेस की अमूर्त वर्ग’ असे म्हणतात आणि तो बहुधा मुलाखतीत विचारायचा प्रश्न समजतात. माझ्या मते तो त्याहून मोठा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६०च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे दोघे, रांगा आणि कारखाने यांसारख्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करण्यासाठी एक भाषा घडवत होते. तिचे नाव सिम्युला. १९६७च्या आवृत्तीत त्यांनी वर्ग आणि उपवर्ग या कल्पना आणल्या. वर्ग म्हणजे छापील कोरा अर्ज, आणि वस्तू म्हणजे तोच अर्ज भरलेला. ‘कथा’ हा वर्ग; अमुक लेखिकेची, अमुक अंकातली कथा ही वस्तू. वर्गात माहितीच्या रकान्यांबरोबर त्या वस्तूला करता येणाऱ्या कृतीही लिहिलेल्या असतात. उपवर्गाला मूळ वर्गाचे सारे आयते मिळते आणि हवे तेवढे बदलता येते. हाच वारसा. डाल आणि नीगार्ड यांना या कामासाठी २००१चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघेही गेले.

वारशात लवकरच एक मधली अवस्था लागते. मूळ वर्गाला काही कृती ठाऊक असतात, पण एखादी अशी असते की ती प्रत्येक उपवर्गाने आपापल्या परीने करायची असते. तिची जागा रिकामी ठेवलेल्या वर्गाला अमूर्त वर्ग म्हणतात. अर्धवट असल्यामुळे त्याची थेट वस्तू बनवता येत नाही. मुलाने रिकामी जागा भरली की मुलाची बनते. इंटरफेस ही वेगळी गोष्ट आहे. त्यात, निदान मूळ कल्पनेत, काहीच लिहून दिलेले नसते. फक्त अटी असतात : जो कोणी स्वतःला या नावाने म्हणवेल त्याला या या कृती करता आल्याच पाहिजेत. कशा करायच्या हे विचारायचे नाही.

साहित्याच्या वाचकाला ही जोडी अनोळखी नाही. इंटरफेस म्हणजे वृत्त. मंदाक्रांता म्हटले की म, भ, न, त, त हे गण आणि शेवटी दोन गुरू, चरणाची सतरा अक्षरे. त्यात एकही शब्द दिलेला नाही. कालिदासाने त्यात मेघदूत लिहिले आणि आमच्या शाळेतल्या मुलांनी मास्तरांवर टवाळीचे श्लोक लिहिले; वृत्ताला दोन्ही सारखेच. अमूर्त वर्ग म्हणजे समस्यापूर्ती. तिथे शेवटचा चरण आयता मिळतो, उरलेले तीन आपण रचायचे. पण खरा फरक फायदा कोणाला होतो यात आहे, आणि हा मुद्दा मला पाठ्यपुस्तकांत धडपणे कुठे सापडला नाही. मंदाक्रांतेची चाल येणारा माणूस त्या वृत्तातला कोणताही श्लोक, पूर्वी कधी न पाहिलेलाही, म्हणू शकतो. वृत्त मुख्यतः म्हणणाऱ्याच्या सोयीचे आहे. समस्येतला आयता चरण मात्र रचणाऱ्याचे काम हलके करतो. श्रोत्याला तो कुठून आला याच्याशी कर्तव्य नसते. तसेच इंटरफेस हा वापरणाऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि अमूर्त वर्ग ही बनवणाऱ्याला केलेली मदत.

ही मदत किती मोठी असू शकते याचे जावातले उत्तम उदाहरण म्हणजे इनपुटस्ट्रीम. बाहेरून येणारी माहिती वाचण्यासाठी केलेला हा अमूर्त वर्ग. त्यात भरायची जागा एकच : एक बाइट वाचून द्या. अनेक बाइट एकदम वाचणे, काही वगळून पुढे जाणे, ही कामे त्या एका कृतीच्या भरवशावर आधीच लिहून ठेवली आहेत. माहिती फाइलीतून येवो की तारेवरून, मुलाने एक जागा भरली की घर उभे. म्हणजे इथे बापाने लिहिलेला मजकूर चालता चालता मुलाच्या कृतीला हाक मारतो. अमूर्त वर्गाचे सारे बळ या उलट्या हाकेत आहे.

मला बुडवले तेही या उलट्या हाकेनेच.

माझ्या प्रोग्रामात ‘नोंदसंच’ नावाचा वर्ग होता. (जावात नावे देवनागरीतही देता येतात, हे फार जणांना ठाऊक नसते. माझा जवळजवळ सगळा प्रोग्राम मराठीत आहे.) जावाबरोबर ‘हॅशसेट’ हा तयार वर्ग मिळतो. त्यात तीच वस्तू दोनदा टाकली तरी ती एकदाच राहते. सूचीला हे हवेच होते, म्हणून मी नोंदसंचाला हॅशसेटचा मुलगा केले. वारशाने दोन कृती आल्या : एक नोंद टाका, आणि नोंदींचा गठ्ठा टाका. दोन्ही मी थोड्या बदलल्या. एक नोंद टाकताना ती लेखिकेची कथा असेल तर त्या वर्षाच्या खात्यात एक मिळवायचा. गठ्ठा टाकताना त्यातल्या अशा कथा मोजून तेवढा आकडा मिळवायचा. मग टाकण्याचे प्रत्यक्ष काम बापाकडे सोपवायचे.

पण बापाने गठ्ठ्याचे काम स्वतः लिहिलेलेच नव्हते. हॅशसेटचा बाप ॲबस्ट्रॅक्टसेट, आणि त्याचा बाप ॲबस्ट्रॅक्टकलेक्शन, म्हणजे माझ्या वर्गाचे पणजोबा. हे दोघेही अमूर्त वर्ग. गठ्ठा टाकण्याची रीत पणजोबांनी घालून दिली आहे, ती अशी : गठ्ठ्यातली एकेक वस्तू घ्या आणि ‘एक टाका’ म्हणा. कोणाचे ‘एक टाका’? ज्या संचावर काम चालले आहे त्याचे, म्हणजे मी बदललेले. म्हणून गठ्ठ्यातली प्रत्येक कथा एकदा गठ्ठा म्हणून मोजली गेली आणि एकदा सुटी म्हणून. संचात नोंदी बरोबर तेवढ्याच होत्या. खात्यातला आकडा दुप्पट होता. पतसंस्थेत वीस वर्षे खतावणी जुळवणाऱ्या माणसाने या दोन संख्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

१९३०पर्यंतच्या नोंदी मी ग्रंथालयात बसून एकेक टंकल्या होत्या. पुढच्या वर्षांच्या एका स्नेह्याने तक्त्यात भरून दिल्या आणि त्या मी अंकागणिक गठ्ठ्याने घातल्या. १९३१ साली काही घडले असेल तर ते एवढेच.

आता दोष कोणाचा? गठ्ठा सुटा करून टाकला जातो हे पणजोबांच्या वर्णनात लिहिलेले आहे. मी फक्त बापाचे पान वाचले होते. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. मला संचाचा उपयोग करायचा होता, वारस कशाला व्हायचे होते? वारस झाल्यामुळे त्या घराच्या आतल्या रीतींशी मी बांधला गेलो, आणि त्या रीती मला दिसत नव्हत्या. शिवाय उद्या कोणी त्या घरात डागडुजी केली आणि गठ्ठा वेगळ्या तऱ्हेने टाकायला सुरुवात केली, तर माझा एक शब्द न बदलता माझे आकडे बदलणार. समस्यापूर्तीची उपमा इथे अपुरी पडते. समस्येचा चरण एकदा दिला की दिला. अमूर्त वर्गाचा लेखक आपला चरण मागाहून बदलू शकतो. ही अडचण व्यवसायात प्रसिद्ध आहे. तरी प्रत्येक पिढी ती स्वतःच्या पैशाने शिकते.

एकाच बापाची सक्ती का, हेही इथेच सांगायला हवे. सी++ या भाषेत १९८९पासून एका वर्गाला अनेक बाप असू शकतात. मग दोन्ही बाप एकाच आज्याचे असले आणि एकच कृती दोघांनी आपापल्या परीने बदललेली असली, तर नातवाने कोणाची रीत पाळायची? आपल्या धर्मशास्त्रात दोन घरांचा वारस असलेल्या दत्तकाला द्व्यामुष्यायण असा भारदस्त शब्द आहे. त्याच्यापुढचे पेच वकिलांना विचारावेत. जावा घडवणाऱ्या जेम्स गॉस्लिंग यांनी हा पेच टाळला. बाप एकच, पण अटी हव्या तेवढ्या पाळा. अटींच्या याद्यांची ही कल्पना त्यांनी ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेतल्या ‘प्रोटोकॉल’वरून घेतली. दोन याद्यांत एकच अट आली तरी भांडण नाही, कारण करून दाखवणारा एकच असतो.

म्हणून बापाची जागा मोलाची. ती एकदाच वापरता येते. हे जावाच्या कर्त्यांनाही लगेच उमगले नसावे, असे १९९६च्या पहिल्या आवृत्तीतली एक वस्तू पाहून वाटते. शब्द दिला की अर्थ मिळावा, अशा कोशवजा साठवणीसाठी त्यांनी ‘डिक्शनरी’ नावाचा अमूर्त वर्ग केला. त्यातल्या सगळ्याच्या सगळ्या कृती रिकाम्या आहेत. बनवणाऱ्याला मदत शून्य, आणि किंमत मात्र पुरी : ज्याला कोश व्हायचे आहे त्याने आपली एकुलती बापाची जागा याला द्यायची. वृत्त सांगायचे होते आणि समस्या दिली, तीही कोऱ्या चरणाची. १९९८च्या अखेरीस त्यांनी ‘मॅप’ हा इंटरफेस आणला. आज डिक्शनरीच्या अधिकृत वर्णनात हा वर्ग कालबाह्य आहे, मॅपच वापरा, अशी सूचना आहे. पण वर्ग काढून टाकलेला नाही. ‘हॅशटेबल’ हा जुना वर्ग मॅपच्या अटी पाळतो आणि अजूनही डिक्शनरीचाच मुलगा आहे.

त्याच वयाचा आणखी एक नमुना आहे, ‘स्टॅक’, म्हणजे ताटांची चळत : वर ठेवायचे, वरूनच काढायचे. लिहिणाऱ्याने सोय पाहिली आणि त्याला ‘व्हेक्टर’ या यादीचा मुलगा केले. यादीत मधे कुठेही घालता-काढता येते, म्हणून या चळतीतही मधले ताट ओढता येते. दुसऱ्याच्या कृती आयत्या मिळाव्यात म्हणून त्याचा वारस व्हायचे, आणि नको त्या कृतीही पदरात घ्यायच्या. माझ्या नोंदसंचाची जात हीच.

१९९८च्या त्या कामात मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी ‘हे की ते’ असा प्रश्नच ठेवला नाही. क्रमवार यादीसाठी ‘लिस्ट’ हा इंटरफेस केला, वापरणाऱ्यांसाठी. आणि शेजारी ‘ॲबस्ट्रॅक्टलिस्ट’ हा अमूर्त वर्ग ठेवला, बनवणाऱ्यांसाठी. तुमची यादी नुसती वाचायची असेल तर किती वस्तू आहेत आणि अमुक क्रमांकावर कोणती आहे एवढेच सांगा, बाकीचे तो करतो. ज्याला बापाची जागा दुसरीकडे द्यायची असेल त्याने मदत नाकारावी आणि साऱ्या अटी स्वतः पुऱ्या कराव्यात. वापरणाऱ्याला फरक कळत नाही.

इंटरफेसलाही त्याची किंमत असते. तो अनोळखी लोकांना दिलेला शब्द असल्यामुळे मागाहून वाढवता येत नाही. नवी अट घातली की ज्यांनी ज्यांनी जुन्या अटी पाळल्या ते सारे एका रात्रीत अपुरे ठरतात. अमूर्त वर्गात मात्र नवी कृती, लिहिलेल्या मजकुरासकट, बहुधा कोणाला न दुखवता घालता येते. मार्च २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत त्यांना १९९८च्या इंटरफेसांमध्ये नव्या कृती घालायच्या होत्या, आणि जगभरचे पंधरा वर्षांचे लेखन मोडायचे नव्हते. त्यांनी नियमच वाकवला. इंटरफेसमध्ये आता पर्यायी मजकूर लिहून ठेवता येतो. पाळणाऱ्याने स्वतः काही लिहिले नाही तर तो लागू होतो. सोवळे सुटले असे काही जण म्हणाले. मला ते समंजसपणाचे वाटते. दोन इंटरफेसांनी एकाच कृतीचा वेगवेगळा मजकूर दिला तर भाषा निवड करत नाही. ‘तूच लिही’ म्हणून प्रोग्रामरकडे परत पाठवते. आणि एक सीमा राखली आहे : इंटरफेसजवळ वस्तूगणिक बदलणारे स्वतःचे रकाने नसतात. ज्याला काही साठवून ठेवायचे आहे त्याला अजूनही वर्गच व्हावे लागते.

यात एक गोष्ट भाषा कधीच तपासत नाही. वृत्तात बसले म्हणजे कविता झाली असे नाही, तसे अटींतली नावे जुळली म्हणजे वागणे जुळले असे नाही. एमआयटीच्या बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७च्या व्याख्यानात आणि पुढे १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबरच्या निबंधात हे नीट मांडले : मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तर वापरणाऱ्याचा अपेक्षाभंग होता कामा नये. लिस्कॉव्ह यांना २००८चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, त्यामागच्या कामात हेही होते.

माझा अपेक्षाभंग दिवाळी अंकाने केला. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हा तो एका मासिकाचाच अंक होता. सूचीची सुरुवात तिथून केल्यामुळे मी ‘दिवाळीअंक’ हा ‘मासिकअंक’चा मुलगा केला आणि काही वर्षे ते चाललेही. मासिकअंकाला एक कृती होती : पुढचा अंक दाखवा. पुढे केवळ दिवाळीतच निघणारी वार्षिके आली, साप्ताहिकांचे दिवाळी अंक आले. वार्षिकाला पुढच्या महिन्याचा अंक कुठला? प्रोग्राम क्रमशः कादंबरीचा पुढचा भाग शोधत जाई आणि रिकाम्या हाताने थांबे. चूक दुरुस्तीसाठी मी ‘वार्षिक असेल तर’ अशी जोडपट्टी मारली, मग दुसरी, मग तिसरी. जोडपट्ट्या वाढल्या की नाते चुकले आहे, हे कळायला मला फार वेळ लागला. दिवाळीत निघणे हे अंकाचे कुळ नव्हे. मासिक, साप्ताहिक, वार्षिक, कोणाच्याही अंकाला लागू होईल अशी ती एक अट आहे. आता ‘दिवाळीत निघणारा’ हा इंटरफेस आहे, त्यात दोनच प्रश्न आहेत, आणि कुळे आपापल्या जागी आहेत.

नोंदसंचही आता कोणाचा मुलगा नाही. हॅशसेट त्याच्या पोटात एक डबा म्हणून आहे. गठ्ठा डब्यात टाकला की डबा त्याचे काय करायचे ते करो, त्याची हाक माझ्यापर्यंत येत नाही. खात्यातला आकडा आणि डब्यातली संख्या दर रात्री शेजारी छापली जातात.

अमूर्त वर्ग मी सगळे काढून टाकले नाहीत. ‘फाइलवाचक’ हा एक ठेवला आहे. त्याला तीन मुले : एक तक्ते वाचतो, एक युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या जुन्या फाइली वाचतो, एक माझ्या सुट्या टिपणांच्या फाइली. फाइल उघडणे, ओळ घेणे, दोन तऱ्हांनी टंकला गेलेला ‘ऱ्या’ एकसारखा करणे, मूळ पान कुठले ते टिपणे, हे तिघांना समान आहे आणि बापाकडे लिहिलेले आहे. रिकामी जागा एकच, ओळ तोडून शीर्षक, लेखक, महिना आणि पान वेगळे करणे. समान कृतींना मुलांनी हात लावू नये म्हणून कुलूपही घातले आहे. जावात त्याची सोय आहे. तिन्ही मुले माझीच आहेत आणि एकाच घरात राहतात, म्हणून इथे वारसा मला चालतो. परक्यांसाठी काही लिहायचे तर मी तसे करणार नाही.

विद्यार्थिनीने ते प्रकरण मागे घेतले. नव्या आकड्यांत १९३१ला उसळी नाही. संख्या वाढते, पण हळूहळू, आणि दोन वर्षी तर घटते. या वेळी तिने माझ्या शब्दावर विसंबायचे नाकारले आणि पाच वर्षांचे अंक पुन्हा हाताने मोजले. चार वर्षे जुळली. १९३६ मध्ये तिच्याकडे एक कथा जास्त आहे. त्या वर्षीच्या एका अंकाची शेवटची पाने मी पाहिलेल्या प्रतीत फाटलेली आहेत, आणि तिने पाहिलेली प्रत दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातली होती. दिवाळीनंतर आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.